जाऊबाईंचा ताप

तापमानाचा काटा मी डिझेलचा समजलो, एवढाच माझा गुन्हा. काटा जसजसा उजवीकडे सरकत होता तसतसा मी खूश होत होतो. भरलेली ट्रॉली चढावर ओढायची आणि वर डिझेल वाढत जायचं, असा ट्रॅक्टर कुणाच्या नशिबी असतो? मी शिट्टी वाजवत होतो. थोड्या वेळाने इंजिनानेही शिट्टी वाजवली आणि बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली.

मी उतरलो, बॉनेट उघडलं, आणि जगातल्या तमाम अर्धवट माणसांना अशा वेळी जे सुचतं तेच मला सुचलं. रेडिएटरचं झाकण काढून आत पाणी आहे की नाही ते बघावं. मी शर्टाचं टोक हाताला गुंडाळलं.

"भाऊजी, हात लावू नका!" रोपांच्या पलीकडच्या ओळीतून वहिनी ओरडली.

तोवर झाकण वरच्या हिरव्या जाळीत जाऊन अडकलं होतं, उकळतं पाणी कारंजं होऊन उडालं होतं आणि मी गुलाबाच्या रोपांत बसलो होतो. वहिनी धावत आली. तिने आधी माझा हात धरून ठिबकच्या टाकीच्या नळाखाली घातला, मनगट नीट उलटंपालटं करून पाहिलं, "कातडी शाबूत आहे, अक्कल नंतर बघू," म्हणाली, आणि मग ट्रॅक्टरकडे वळली. वळली ती तशीच उभी राहिली. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, पण खांदे दिसत होते. भरून ठेवलेल्या बॅगेतले कपडे कुणीतरी परत बाहेर काढायला लागावं, तसे ते हळूहळू खाली आले.

बॅग खरोखरच भरलेली होती. तो शुक्रवार होता, आणि सोमवारी सकाळी वहिनीला शहरातल्या प्रशिक्षण केंद्रात रुजू व्हायचं होतं. छोटी इंजिनं आणि पाण्याचे पंप दुरुस्त करायला शिकवायचं, आठवडाभर तिथेच राहायचं आणि सुट्टीला घरी यायचं.

आता वहिनीबद्दल सांगायला हवं. लग्नाआधी ती वडिलांच्या पंप-दुरुस्तीच्या दुकानात बसायची. बसायची म्हणजे गल्ल्यावर नव्हे, जमिनीवर, मांडीत पंप घेऊन. आमच्या घरात आली तेव्हा तिच्या सामानात एक जड खोका होता. आईला वाटलं, भांडी असतील. निघाले पाने-पकडी. ते तिने शिवणयंत्राच्या खणात लावले, आणि तेव्हापासून आमच्याकडे शिवण कुणी केलं नाही, दुरुस्ती मात्र सगळ्यांची झाली.

आमची रोपांची नर्सरी. जाळीच्या मांडवांखाली रोपांच्या ओळी आणि ओळींमधून इतक्या अरुंद वाटा, की समोरून माणूस आला तर दोघांपैकी एकाने पोट आत घ्यावं. मोठा ट्रॅक्टर तिथे शिरत नाही, म्हणून हा छोटा. छोटा आणि जुना. वळायला जागा नसल्याने गेला तसा उलटा परत आणावा लागतो. तो उभा राहतो तेही भिंत आणि पाण्याची टाकी यांच्यामधल्या बोळकांडीत, जिथे उतरायचं तर एकाच बाजूने. मी लग्न केलं नाही, त्यामुळे घरात धाकटी सून आली नाही. ती जागा वहिनीने ट्रॅक्टरला देऊन टाकली आणि त्याला 'जाऊबाई' म्हणायला लागली.

"उशिरा उठतात, धुराशिवाय बोलत नाहीत, आणि जरा काम सांगितलं की डोकं तापतं. पण माहेरचं कुणी विचारायला येत नाही बिचारीच्या, म्हणून आपण सांभाळून घ्यायचं."

जाऊबाईंना सांभाळायचं काम अर्थात एकट्या वहिनीचं. माझा मोठा भाऊ, दादा, कलमं बांधतो. त्याच्या बोटांत जादू आहे, पण इंजिनाची त्याला भीती वाटते. मांजर पायात आल्यावर लोक जसे चालतात तसा तो ट्रॅक्टरच्या बाजूने चालतो. माझ्याकडे नर्सरीतलं बोलण्याचं खातं आहे. गिऱ्हाइकांशी बोलतो, ते नसले तर रोपांशी. त्यामुळे वहिनीने बॉनेट उचललं, की आमच्या घरात एक वाक्य म्हटलं जातं, "ती बघतेय ना? मग झालं." आणि जो तो आपापल्या कामाला निघून जातो. बोळकांडीत टाकीला पाठ लावून वहिनी एकटीच उरते.

नोकरीलाही घरात कुणी नाही म्हटलं नव्हतं. आमच्याकडे 'नाही' म्हणायची पद्धतच नाही. दादा म्हणाला, "जा ना, कोण अडवतंय? फक्त तेवढा ट्रॅक्टर धड करून जा, म्हणजे आमची पंचाईत नको." आई म्हणाली, "जा गं बाई. फक्त तेवढी माझ्या डोळ्यांची तपासणी होऊ दे." मी म्हणालो, "वहिनी, बिनधास्त जा, फक्त ती पाण्याची मोटार मला एकदा समजावून दे." डोळे तपासून झाले, मोटार समजावून झाली (मला समजली नाही, पण समजावून झाली), आणि शुक्रवारी सकाळी जाऊबाई उकळल्या. शनिवार-रविवारी मोठ्या मागणीची सगळी रोपं खालच्या मांडवातून वरच्या फाटकापर्यंत आणायची होती. ट्रॅक्टरशिवाय ती येणार नव्हती, आणि ती आल्याशिवाय वहिनी निघेल, असं कुणाच्या मनातही आलं नाही. तिच्याही आलं नसावं, असं मी धरून चाललो होतो.

इंजिन गार होईपर्यंत तिने थांबायला लावलं. मग पाणी भरलं, आणि रेडिएटरसमोरची जाळी काढली. आत कोकोपीटचा भुसा, वाळकी पानं आणि कुठल्या तरी पाखराने टाकून दिलेलं अर्धं घरटं होतं. ते सगळं तिने पाण्याची बारीक धार आतून बाहेर मारून काढलं. पट्टा अंगठ्याने दाबून पाहिला, पाइप चाचपले. "पट्टा ठीक आहे, पाइप ठणठणीत. वारा लागायला हवा होता, तो आता लागेल."

उभ्या उभ्या इंजिन तासभर चाललं. काटा मध्यावर, शहाण्या मुलासारखा. दादा लांबूनच म्हणाला, "झालं ना?" वहिनीने ट्रॉली जोडली, रोपं भरली, आणि चढाच्या निम्म्यावर काटा परत निघाला उजवीकडे.

ती तशीच उलटी खाली आली. चेहऱ्यावर काही नाही. मग बोटाएवढा एक पितळी भाग काढून ती स्वयंपाकघरात गेली. तो थर्मोस्टॅट. पाणी तापलं की त्याने तोंड उघडायचं आणि पाण्याला रेडिएटरकडे जाऊ द्यायचं, एवढंच त्याचं काम. तो अडकला असेल तर पाणी आतल्या आत उकळत बसतं. वहिनीने पातेल्यात पाणी घेतलं, त्यात तो सोडला आणि गॅस पेटवला.

"माझ्या दुधाच्या पातेल्यात?" आई म्हणाली.

"धुतलाय, आई."

"दूध फाटलं तर तुझ्या जाऊबाईंनाच पाजेन."

पाणी तापलं आणि थर्मोस्टॅटने हळूच तोंड उघडलं. वहिनी वाकून बघत होती. "बघा आई, उघडलं. म्हणजे याचा दोष नाही."

"इतक्या कढत पाण्यात टाकल्यावर कुणीही उघडेल," आई म्हणाली. "विचार तुझ्या दिराला."

वहिनी हसली. त्या दिवसातलं तिचं ते शेवटचं हसू. कारण दोष नाही म्हटल्यावर दोष पुढे सरकत होता, आणि पुढे हेड गॅस्केट होतं, इंजिनाच्या डोक्याखालची गादी. ते गेलं असेल तर अख्खं इंजिन उघडायचं, म्हणजे दोन-तीन आठवडे गेलेच. तिने तेल मोजायची पट्टी काढून बोटाने पुसली. तेल स्वच्छ होतं, त्यात पाण्याची पांढरी साय नव्हती. गार इंजिन झाकण उघडं ठेवून चालू केलं आणि पाण्याकडे टक लावून बसली. बुडबुडे आले तर गॅस्केट गेलं. डॉक्टरने एक्स-रे उजेडात धरावा आणि नातेवाइकांनी त्याच्या भुवया वाचाव्यात, तसा मी तिच्याकडे बघत होतो. बुडबुडे आले नाहीत.

"गॅस्केट वाचलं," ती म्हणाली. "भाऊजी, तुम्ही पण वाचलात."

संध्याकाळी केंद्रातून फोन आला. वहिनी बोळकांडीतच होती, हात तेलाचे, त्यामुळे मी फोन तिच्या कानाशी धरून उभा राहिलो. पलीकडच्या बाई विचारत होत्या, सोमवारी नक्की ना? वर्ग सुरू होतोय, तुम्ही नसाल तर दुसरं कुणी बघावं लागेल. वहिनी म्हणाली, "हो, येते." फोन ठेवल्यावर तिने हात धुवायला घेतले आणि पुष्कळ वेळ धूत राहिली. मांडवातून दादाचा आवाज आला, अगदी मऊ, कलमाला पट्टी बांधावी तसा. "पुढच्या महिन्यात नाही का चालणार त्यांना?"

वहिनीने नळ जरा मोठा केला.

शनिवारी तिने पाण्याचा पंप काढायचं ठरवलं. पंप पाणी फिरवतो. त्याची पाती झिजली असतील तर हळू चालताना भागतं, जोरात चालताना पाणी कमी पडतं. पटण्यासारखं होतं. पण त्या बोळकांडीत पंप काढायचा म्हणजे कपाटात उभं राहून कपाटाच्या मागचा खिळा काढणं. पंखा काढा, पट्टा काढा, गंजलेले बोल्ट एकेक करून मनधरणी करून सोडवा. तिचं कोपर भिंतीला घासत होतं, पाठ टाकीला. आम्ही येता-जाता विचारत होतो. दादा विचारायचा, "होतंय ना?" आई विचारायची, "जेवायला येतेस ना?" मी विचारायचो, "काही देऊ का?" आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायचो. एकदा तर आईने तिथेच येऊन विचारलं, "गॅसचा नंबर कुठे लिहिलायस गं?" वहिनीने इंजिनातून डोकं न काढता सांगितलं, "फ्रिजच्या डाव्या बाजूला." आमचं घर तिच्याशिवाय कसं चालणार, याचं उत्तर तिने घरभर चिकटवून ठेवलं होतं. आम्ही ते वाचत नव्हतो, तिलाच येऊन विचारत होतो.

दुपार कलल्यावर पंप निघाला. तिने तो उजेडात धरला. पाती नव्यासारखी होती.

ती ओळींच्या मध्ये उलट्या क्रेटवर बसली. "चुकलं माझं," म्हणाली. "अख्खा दिवस घालवला."

दादा चहा घेऊन आला होता. त्याने पंपाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "बरं, मग आता राहू दे. कळवून टाकू त्यांना."

शब्द सहानुभूतीचेच होते. पण दादाला तोंड लपवता येत नाही. पाहुण्यांची जायची बस चुकली की लहान मुलांच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते त्याच्या चेहऱ्यावर उमटलं, आणि ते वहिनीने पाहिलं. तिने चहा घेतला, संपवला, कप त्याच्या हातात परत दिला आणि पंप पुन्हा बसवायला उठली. खोक्याचा पुठ्ठा कापून, ग्रीस लावून तिने त्याची नवी गादी केली. संध्याकाळी मी वरच्या फाटकाशी गिऱ्हाइकाला फोनवर सांगत होतो की रोपं जरा विश्रांती घेताहेत.

रविवारी सकाळी ती माझ्याकडे आली. दादाचा जुना शर्ट अंगात, केस बांधलेले.

"भाऊजी, मला एक माणूस पाहिजे. हुशार नको. बसवला की बसेल असा."

"मी आहे की."

"तुम्ही नको. तुम्हाला बोलावंसं वाटतं. तुमच्या भावाला बोलवा."

तिने रात्रभर एकाच गोष्टीचा विचार केला होता. इंजिन हळू चालतं तेव्हा काही होत नाही, आणि जोरात चालतं तेव्हा ती स्वतः वर सीटवर असते. ॲक्सिलरेटरची हाताने लावायची दांडी कधीच सैल झाली होती, सोडली की मागे यायची. म्हणून पाय दाबून ठेवायलाच लागायचा. ती उतरून खाली वाकेपर्यंत इंजिन पुन्हा शांत झालेलं असायचं. जोरात चाललेलं इंजिन खालून कसं दिसतं, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. कारण त्या बोळकांडीत तिच्याबरोबर कधी कुणी थांबलंच नव्हतं.

दादाला सीटवर बसवणं हे एक स्वतंत्र प्रकरण होतं. तो दोनदा चढला, दोनदा उतरला. "न्यूट्रल आहे ना? नक्की? हँडब्रेक?"

"अहो, पुढे भिंत आहे, मागे उतार नाही, बाजूला टाकी आहे. जाऊबाई जातील कुठे?"

"कुठे जायचं म्हटलं तरी अडकलेलीच," दादा विनोद करायला गेला आणि मध्येच थांबला.

वहिनीने इंजिन चांगलं तापू दिलं. मग ती पोत्यावर आडवी झाली आणि खाली सरकली, टॉर्च घेऊन. बाहेर फक्त तिचे पाय राहिले. मी पुढच्या बाजूला उभा होतो. तिथून मला तिचे पाय दिसत होते आणि दादाचा पाय.

"दाबा!" खालून आवाज आला.

दादाने दाबलं. इंजिन गरजलं, टाकीचा पत्रा थरथरला. आणि मग गर्जना हळूहळू उतरत गेली. दादाचा पाय वर आला होता.

"अहो, पाय का काढलात? मला काही दिसलं नाही."

दादा माझ्याकडे बघत होता. घाबरलेला होता तो, पण इंजिनाला नव्हे. इंजिनाच्या भीतीत तो मान आत घेतो, आत्ता ताठ बसला होता. पायाखाली जे आहे ते दाबलं तर सोमवारी काय होईल, हे त्याला समजलं होतं. आणि नाही दाबलं तर काय, तेही. खालच्या माणसाला वरचा पाय दिसत नाही. घाबरलो, जमलं नाही, एवढं म्हटलं असतं तरी कुणी त्याला दोष दिला नसता. घरात सगळ्यांना माहीतच होतं.

"सापडलं नाही तर?" त्याने विचारलं. बराच मोठ्याने विचारावं लागलं.

"नाही सापडलं तर नाही सापडलं. दाबा!"

 दादाने सीटची कड दोन्ही हातांनी धरली, डोळे मिटले आणि पाय खाली नेला. तिथेच ठेवला. इंजिन ओरडत राहिलं, तो हलला नाही.

"सोडा!" खालून. मग, "दाबा!" मग परत, "सोडा!" आणि मग एक असा आवाज आला जो मी वहिनीच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. लहान मुलीसारखी किंकाळी फोडून हसत होती ती.

"भाऊजी, या इकडे! वाका! बघा ही कशी आहे!"

मी पोत्यावर पालथा पडलो. रेडिएटरच्या तळातून पंपाकडे एक जाड रबरी पाइप जातो. दादाने पाय दाबला की पंप जोरात पाणी ओढायचा, आणि तापून मऊ झालेला तो जुना पाइप पोट आत घेतल्यासारखा दबून चपटा व्हायचा. पाण्याला वाटच उरायची नाही. पाय काढला की टम्म, गोल, निरागस. ज्या पाइपाला गेले दोन दिवस आम्ही सगळे "हा तर ठणठणीत आहे" म्हणत होतो तोच.

"आत तारेची गुंडाळी असते, पाइप दबू नये म्हणून," वहिनी बाहेर सरकत म्हणाली. "ती गंजून गेलीय. तोंडावर ठणठणीत, आतून आधार नाही."

रविवारी दुकानं बंद. नवा पाइप सोमवारशिवाय मिळणार नव्हता, आणि सोमवारी वहिनी असणार नव्हती. तिने पाइप काढला, आतला गंजाचा चुरा झटकला आणि मांडवाच्या कमानी बांधायची जाड गॅल्व्हनाइज्ड तार शोधून आणली. झाडूच्या दांड्यावर ती गुंडाळायला लागली. पण वेढे कधी जवळ पडत, कधी लांब. तार ताठ, आणि तिची बोटं शनिवारच्या बोल्टांनी सोललेली.

दादा अजून सीटवरच होता. उतरायचं विसरला होता. तिथून बघत बघत तो म्हणाला, "तशी नाही. इकडे दे."

त्याने दांडा मांडीत आडवा धरला आणि तार वळवायला लागला. अंगठा टेकवायचा, अर्धा वेढा, ताण बघायचा, पुढचा वेढा. जशी तो कलमाची पट्टी बांधतो तसंच. एकसारखं अंतर ठेवून वेढे पडत गेले.  वहिनी त्याच्या हातांकडे बघत होती, तो तारेकडे. शेवटचं टोक पकडीने आत वळवून, रबराला टोचणार नाही ना, हे बोटाने तपासून त्याने ती गुंडाळी तिला दिली आणि लगेच हात धुवायला निघून गेला.

संध्याकाळपर्यंत सगळ्या रोपांच्या फेऱ्या झाल्या. चढावर काटा मध्यावरून हलला नाही. मी शेजारून चालत होतो आणि दर दहा पावलांना वाकून तो बघत होतो. वहिनी म्हणाली, "नजर लागेल तिला."

सोमवारी सकाळी निघताना दादाने तिला तीनदा विचारलं की नवा पाइप कुठल्या मापाचा आणायचा. तिने तिन्ही वेळा सांगितलं. ती चपला घालत असताना आई आतून म्हणाली, "जाता जाता तेवढा गॅस बंद आहे का बघ गं." वहिनी चपला काढून आत गेली, बघून आली, पुन्हा चपला घातल्या.

बसच्या थांब्यापर्यंत बॅग मी नेली. दादा आला नाही, मांडवात कलमं बांधत बसला होता. वाटभर मी गिऱ्हाइकांच्याच गोष्टी सांगत होतो. पण बस वळणावर दिसली आणि मला राहवलं नाही.

"वहिनी, खरं सांग. काल दादाने पाय दाबलाच नसता, सापडलंच नसतं, तर गं?"

तिने माझ्या हातातून बॅग घेतली.

"तरीही गेलेच असते."